पाटीवर नसलेला कर्ता

संग्रहालयाची समीक्षा करता येते का, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. दिवाळी अंकात समीक्षा म्हटली की ती कादंबरीची, कवितासंग्रहाची, फार तर एखाद्या नाटकाची. परंतु संग्रहालय हीदेखील एक रचनाच असते. कोणीतरी वस्तू निवडलेल्या असतात, त्यांचा क्रम लावलेला असतो आणि प्रत्येक वस्तूपुढे पाटी उभी करून चार ओळी लिहिलेल्या असतात. जिथे काही लिहिलेले आहे तिथे ते कसे लिहिले आहे, हे विचारायला हरकत नसावी. मी आयुष्यभर शाळेत मराठीचे व्याकरण शिकवले. त्यामुळे माझी नजर आधी वाक्यावर जाते आणि मग वस्तूवर. हा दोष मान्य करूनच पुढचे लिहितो आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पांढुर्ण्याहून सहकुटुंब शिर्डी-शिंगणापूरला गेलो होतो. सौंसरच्या आत्या बरोबर होत्या. परतताना धाकट्या भावाच्या मुलाने हट्ट धरला, म्हणून अहमदनगरला, म्हणजे २०२४ मध्ये नामांतर झालेल्या अहिल्यानगरला थांबलो आणि तिथले रणगाडा संग्रहालय पाहिले. लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र या शहरात आहे. त्याच केंद्राने १९९४ साली हे संग्रहालय उभारले. देशोदेशींचे चाळीस-पन्नास रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथे उघड्या आकाशाखाली ओळीने उभ्या आहेत. रोल्स रॉईस कंपनीची जुनी चिलखती गाडी आहे. इंग्रजांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल आहेत, दुसऱ्या महायुद्धातले जपानी रणगाडे आहेत, फ्रेंच एएमएक्स-१३, रशियन पीटी-७६, अमेरिकन पॅटन आणि आपला विजयंतही आहे. निगा उत्तम, रंग ताजे, आवार स्वच्छ. महाराष्ट्रात गेलेल्या प्रत्येक कुटुंबाने अर्धा दिवस काढून पाहावे असे हे ठिकाण आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या चिकित्सेचा विपर्यास होणार नाही.

विजयंतसमोर मी बराच वेळ थांबलो. त्याला कारण होते. आपले पांढुर्णा स्थानक दिल्ली-चेन्नई मार्गावर आहे आणि विजयंत तयार होत असे चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यात. माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, उघड्या वाघिणींवर ताडपत्रीने झाकलेले काहीतरी अवजड घेऊन लष्कराच्या गाड्या स्थानकावरून जात. ताडपत्रीखालून एक लांब नळी पुढे आलेली दिसे. आम्ही पोरे पुलावर उभे राहून हात हलवीत असू. वाघिणीवर बसलेला एखादा जवानही हात हलवी. ताडपत्रीखाली नेमके काय आहे हे कोणी सांगत नसे. पन्नास वर्षांनी तीच वस्तू ताडपत्रीशिवाय समोर उभी होती. शेजारी तिची माहितीही होती. वजन सुमारे ३९ टन, तोफ १०५ मिलिमीटरची, आत माणसे चार. ३९ टन म्हणजे किती, हे सौंसरच्या माणसाला समजावायचे तर संत्र्याने भरलेले चार ट्रक एकावर एक रचावे लागतील.

माझा पुतण्या अशा पाट्या भराभर वाचत पुढे चालला होता. त्याला त्यातले बरेच आधीपासून पाठ होते. आत्या मात्र एका रणगाड्यासमोर उभ्या राहिल्या, वरपासून खालपर्यंत त्यांनी तो पाहिला आणि मला विचारले, "हा गाडा हाके कोन रे बापू? अन् मारला कोनाले?"

मी पाटीकडे पाहिले. तिच्यावर याचे उत्तर नव्हते.

माझ्या मते आत्यांचा हा प्रश्न म्हणजे शस्त्रप्रदर्शनाविषयी विचारता येईल असा सर्वांत नेमका समीक्षात्मक प्रश्न आहे. त्यात व्याकरण पुरेपूर आहे. हाके कोण, म्हणजे कर्ता कोण. मारला कोणाला, म्हणजे कर्म कोणते. आणि मारणे हे क्रियापद. शस्त्राच्या पाटीवर सहसा या तिन्हींपैकी काहीच नसते. तिथे नामे असतात आणि संख्या असतात. वजन, वेग, पल्ला, चिलखताची जाडी, निर्मितीचा देश. जगभरच्या लष्करी संग्रहालयांनी हीच शैली स्वीकारली आहे. तेव्हा दोष एका ठिकाणाचा नाही, तो या लेखनप्रकाराचा आहे. हा प्रकार जन्मला तो तंत्रज्ञांच्या नोंदवहीत. नोंदवहीला कर्त्याची गरज नसते.

तथापि या शैलीची बाजूही समजून घेतली पाहिजे. संख्या मुक्या असतात असे आपण साहित्यातली माणसे सहज म्हणून टाकतो. ते पूर्ण खरे नाही. माटिल्डाचे चिलखत पुढच्या बाजूला ७८ मिलिमीटरपर्यंत जाड होते. १९४० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात समोरच्या बहुतेक तोफांना ते भेदता येईना. मग जर्मनांनी विमाने पाडण्यासाठी बनवलेली ८८ मिलिमीटरची तोफ आडवी करून रणगाड्यांवर वापरली आणि माटिल्डाचा दबदबा संपला. ७८ आणि ८८ हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक अख्खे नाट्य उभे राहते. नगरच्या संग्रहालयात एकाच फेरीत तीस-चाळीस वर्षांचे रणगाडे पाहता येतात. चिलखत कसे वाढत गेले, त्यामागोमाग तोफ कशी वाढली आणि मग चिलखत पुन्हा कसे कलते व जाड झाले, हे पायी चालता चालता वाचता येते. जवानांना शिकवणाऱ्या संस्थेच्या आवारात हा पाठ असणे योग्यच आहे. प्रश्न एवढाच की शाळेच्या सहलीतले पोर आणि सौंसरची आत्या यांना या पाठाचा अर्धाच भाग मिळतो.

उरलेला अर्धा कसा असतो, याची दोन उदाहरणे देतो.

एएमएक्स-१३ हा तसा हलका आणि बुटका रणगाडा. पॅटनच्या शेजारी तो खेळण्यासारखा दिसतो, त्यामुळे बहुतेक लोक त्याच्यापाशी थांबत नाहीत. परंतु १९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध चालू असताना याच जातीचे रणगाडे विमानात घालून लडाखमध्ये चुशूलला उतरवण्यात आले होते. चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवरची ती धावपट्टी. हलकेपणा हा इथे उणेपणा नव्हता, ते हलके होते म्हणूनच तिथवर पोचले. पाटीवरच्या वजनाच्या आकड्याला एक क्रियापद जोडले की तोच आकडा असा बोलू लागतो.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. सेंच्युरियन जातीचा एक रणगाडा नगरच्या याच प्रशिक्षण केंद्राने जतन केला आहे. त्याचे नाव फामागुस्ता. सायप्रसमधल्या एका बंदराचे हे नाव. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या रणगाड्यात होते. त्यांचा जन्म पुण्याचा आणि वय अवघे एकवीस. रणगाड्याला आग लागल्यावर तो सोडून देण्याची आज्ञा त्यांना मिळाली होती. तोफ अजून चालते आहे, या कारणासाठी त्यांनी तो सोडला नाही. ते तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. एवढी हकिगत आपल्या मुलांना शाळेतून ठाऊक असते. पण तीही पुष्कळदा "वीरगती प्राप्त झाली" या ठरलेल्या वाक्यावर संपते. या वाक्यातही मारणारा नाही.

तो कर्ता तीस वर्षांनी समोर आला. २००१ साली अरुण यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपले जन्मगाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. त्यांचे वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. लाहोरला ते ज्यांच्या घरी उतरले ते यजमान होते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. त्यांनी पाहुण्यांची मनापासून सरबराई केली आणि निरोपाच्या आधी सांगितले की बसंतरला समोरच्या बाजूने मीच लढत होतो आणि आपला मुलगा माझ्या हातून मारला गेला. शत्रूच्या त्या तरुण अधिकाऱ्याचा पराक्रम त्यांनी बापासमोर कबूल केला. ही गोष्ट पुढे दोन्ही देशांत प्रसिद्ध झाली.

साहित्याचा विद्यार्थी म्हणून मला या भेटीत दिसते ते हे की एका वाक्यातली रिकामी जागा तीस वर्षांनी भरली गेली. "मारला गेला" याचे "मी मारले" झाले. हे वाक्य बोलायला रणगाड्यातून लढण्याइतकेच धैर्य लागले असेल. ते ऐकून घ्यायला किती लागले असेल, याचा विचार मी करू शकत नाही. आणि अजून एक प्रश्न राहतोच. सेंच्युरियनमध्ये माणसे चार असत. अधिकाऱ्याचे नाव आपल्याला येते, उरलेल्या तिघांची नावे आपल्यापैकी किती जणांना येतात? "हाके कोन" या आत्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर तर त्या तिघांपैकीच एकाचे नाव आहे.

या संग्रहालयात दालनेही आहेत. तिथे रेजिमेंटांची चिन्हे, छायाचित्रे, शौर्यपदकांच्या मानकऱ्यांचे स्मरण आहे. म्हणजे माणसे आहेत, पण छपराखाली, आणि लोखंड बाहेर उन्हात. या मांडणीला व्यवहाराची कारणे उघड आहेत. पन्नास टनांची वस्तू दालनात मावत नाही आणि कागदी छायाचित्र पावसात टिकत नाही. परंतु मांडणीचा अर्थ मांडणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून नसतो. गर्दी बाहेर असते, फोटो बाहेर निघतात, लहान मुले नळीखाली बाहेर उभी राहतात. आत जाईपर्यंत पाय थकलेले असतात आणि बस सुटायची वेळ झालेली असते. नाव आणि शस्त्र यांची गाठ पडतच नाही.

आता थोडे शब्दांविषयी. आपण दोन भाषांत राहणारी माणसे असल्याने ही गोष्ट आपल्याला लवकर जाणवते. माझ्या पुतण्याने हिंदीतून शिक्षण घेतले. तो 'टैंक' म्हणतो. आत्या 'गाडा' म्हणतात. छापील मराठीत 'रणगाडा' आहे. इंग्रजी शब्दाचा जन्मच मुळी लपवाछपवीतून झाला. पहिल्या महायुद्धात हे यंत्र गुपचूप तयार होत असताना शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्याला पाण्याची टाकी असे नाव दिले गेले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर ते यंत्र पहिल्यांदा चालले, गुपित फुटले, पण नाव तेच राहिले. पांढुर्ण्याच्या स्थानकावरून जाणारी ताडपत्री म्हणजे तोच शब्द, कापडाचा. उलट मराठी शब्द काहीच लपवत नाही. रण आहे आणि गाडा आहे. गाडा म्हटला की तो हाकणारा हवाच. बंडी कधी आपोआप चालत नाही, हे कपाशी वाहणाऱ्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. आत्यांच्या तोंडी तो प्रश्न सहज आला याचे श्रेय काही अंशी या शब्दाला दिले पाहिजे. दोन भाषा असणे म्हणजे परीक्षेला एक विषय जास्त असणे नव्हे. एका भाषेने झाकलेले दुसरीने उघडता येते, हा तिचा खरा लाभ.

इथवर आलो तेव्हा मला वाटले होते की लेख संपला. संग्रहालयांनी पाट्या बदलाव्यात, एवढी सूचना करून थांबावे. परंतु मध्ये पोळा आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काय होते हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको. त्याच दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. तिथली लेकरे लाकडी बैल सजवून मिरवतात आणि आपण जाम नदीच्या दोन्ही काठांवर, पांढुर्णा आणि सावरगाव, दगड गोळा करतो. पात्रात पळसाचे झाड रोवलेले, त्याला झेंडा, आणि तो मिळवण्यासाठी दिवसभर गोटमार. कोणी पळून जाणाऱ्या प्रेमिकांची कथा सांगते, कोणी भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाची. चंडीमातेच्या नावाने सुरू होते आणि तिच्याच चरणी संपते. डॉक्टर, रुग्णवाहिका, पोलीस आधीपासून सज्ज असतात. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले, ते आपण चालू दिले नाही. दुसऱ्या दिवशी बातमी येते. इतके शे जखमी झाले. एखाद्या वर्षी, एकाचा मृत्यू झाला.

या बातमीचे व्याकरण पाहा. "जखमी झाले" या वाक्यात कर्ता जखमी माणूसच आहे. दगड मारणारा वाक्यात येतच नाही. मृत्यू "होतो", पाऊस होतो तसा. रणगाड्याच्या पाटीला मी जो दोष दिला तोच दोष माझ्या गावच्या बातमीत आहे, आणि त्या बातम्या मी चाळीस वर्षे कुरकुर न करता वाचत आलो आहे. फरक असलाच तर तो असा की तिथे शस्त्र दिसते आणि माणूस दिसत नाही. इथे माणसे हजारोंनी दिसतात. शस्त्र म्हणजे नदीतला कोणताही गोटा, संध्याकाळी तो पुन्हा नदीतच पडून राहतो. त्याला पाटी लावायची म्हटली तरी लावणार कुठे?

माझा पुतण्या यंदा पहिल्यांदाच एकटा नदीवर गेला होता. पंधरा वर्षांचा आहे. संध्याकाळी लाल झालेल्या चेहऱ्याने परत आला आणि सांगू लागला की गर्दी किती होती, कोणाच्या बाजूने जोर होता, दवाखान्यात किती नेले. पोळ्यासाठी आलेल्या आत्या ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारले, "मारले कोनं?"

तो म्हणाला, "सगळ्यांनीच."

"सगळ्यायनं म्हंजे, तूनंबी?"

पोराने उत्तर दिले नाही. तो हात धुवायला मागच्या दारी गेला. मीही त्याला पुन्हा विचारले नाही. कारण त्याच्या वयाचा असताना हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर माझ्याजवळही उत्तर नव्हते, आणि आज आहे ते मी अजून घरात कोणाला सांगितलेले नाही.

म्हणून ही समीक्षा केवळ संग्रहालयाची राहिली नाही. तरीही मूळ सूचना मी मागे घेत नाही, ती थोडी वाढवतो. फामागुस्तासारख्या रणगाड्यासमोर आकड्यांच्या खाली आणखी पाच-सहा ओळी असाव्यात. हा कोणी हाकला, तोफ कोणी चालवली, आज्ञा कोणाची होती, समोर कोण होते, कोण परतले आणि कोण नाही. शत्रूचे नाव ठाऊक असेल तर तेही असावे. त्याने आपल्या जवानाचा मान कमी होत नाही, नासेर यांच्या कबुलीने तर तो वाढलाच. ज्या रणगाड्याची हकिगत उपलब्ध नाही, तिथे आकडेच राहू द्यावेत. आणि या ओळी इंग्रजीबरोबर हिंदीत व मराठीतही असाव्यात, म्हणजे वाचणाऱ्या मुलाला शेजारच्या आजीला त्या वाचून दाखवता येतील.

पाट्या बदलायला वेळ लागेल. तोवर वाचकांना विनंती अशी की पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन नगरला जाल तेव्हा आधी दालनात जा, नावे वाचा आणि मग बाहेर उन्हात या. मुलगा वजन आणि वेग सांगू लागला तर त्याला थांबवू नका, ते ज्ञानही खरे आहे. त्याचे सांगून झाले की मात्र त्याला सौंसरच्या आत्यांचा प्रश्न विचारा. हाके कोन, अन् मारला कोनाले. तोच प्रश्न पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आपापल्या ओसरीवरही विचारायला हवा.